गुरुवारची कढई आणि जर्दाळूचे मेण

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी होते. आता मला काय म्हणावे याबद्दल घरात दोन मते आहेत, आणि मला कोणी विचारलेले नाही.

माझा जन्म काराकोल शहरातल्या एका भट्टीत झाला. त्याआधी मी ट्रॅक्टरच्या इंजिनाचा भाग होते म्हणे. उतार दिसला की मला अजूनही पुढे जावेसे वाटते. उल्कनआजींनी मला बाजारातून पाठीला बांधून आणले. पाठीवर तान्हे मूल आहे असे समजून बसमध्ये एकाने उठून त्यांना जागा दिली. मीही रडले नाही.

मग पुलाव झाले, मटण झाले. लग्नांत पाहुण्यांनी माझे कौतुक केले, म्हणजे मला चाटूनपुसून साफ केले. पण माझे खरे काम गुरुवारचे. गुरुवारी संध्याकाळी तेल कडकडीत तापवायचे, त्यात पिठाचे फुगीर बोरसोक तळायचे आणि तो वास घरातल्या गेलेल्या माणसांसाठी सोडायचा. ती माणसे वासावरच जेवतात. तीन वर्षांपूर्वी आजींचा मुलगा जिर्गल बर्फात ट्रकसकट दरीत गेला. तेव्हापासून एकही गुरुवार चुकला नाही. आजी दार उघडे ठेवून तळतात, सून बुरुल शेजारी कणीक लाटते. दोघी बोलत नाहीत. चुरचुरायचे काम माझ्याकडे.

बुरुल पूर्वी घरीच सोयाच्या मेणाच्या मेणबत्त्या करायची. जिर्गल तिला अल्माटीहून सुगंधाच्या बाटल्या आणून द्यायचा. तो गेल्यावर तिने सगळ्या बाटल्या त्याच्या लोकरी बुटांत घालून कपाटात ठेवल्या. मेण वितळवायचे तिचे पातेले आजींनी कुत्र्याला दिले.

गेल्या महिन्यात एका बुधवारी आजी बारशाला गेल्या आणि बुरुलने ते कपाट उघडले. लव्हेंडर आंबले होते. व्हॅनिलाला खोकल्याच्या औषधाचा वास येत होता. जर्दाळूच्या मोहोराची बाटली तेवढी शिल्लक होती, जिर्गलच्या आवडीची, तीही फिकी पडलेली.

"आज नाही केलं तर हीसुद्धा उडून जाईल," बुरुल पुटपुटली.

तिने कुत्र्याकडे पातेले मागितले. कुत्र्याने नकार दिला. मग ती माझ्याकडे वळली.

मित्रांनो, मी घाबरले. सोयाच्या मेणाची भीती नव्हती, ते शेवटी गोठलेले तेलच. भीती सुगंधाची होती. ज्या कढईत अत्तर पडले, तिच्यात पुन्हा कोणी खाण्याचे तळत नाही. म्हणजे उद्या जिर्गल उपाशी. हे बुरुललाही कळत होते. तिने बाटलीचे बूच दोनदा काढले, दोनदा लावले. मग तिने मंद आचेवर मेण वितळवले, बाटलीतले थोडे आत ओतले, ढवळले. चहाच्या वाट्यांत वाती उभ्या केल्या आणि पळीने मेण भरले.

आजी आल्या त्या नाक वर करूनच.

"साबण कोणी शिजवलाय?"

"मेणबत्त्या केल्या, आई."

"माझ्या कढईत?"

"पातेलं कुत्र्याकडे आहे."

"मग कढई घासायलाही कुत्र्यालाच बसव! अगं, उद्या गुरुवार. माझा पोरगा दारात येऊन उभा राहील. काय वाढू त्याला? फुलं?"

"त्यानंच आणली होती ती फुलं." बुरुलने पळी खाली ठेवली. "तुम्ही दर गुरुवारी त्याला जेवू घालता. मी काय देते? नुसती लाटते."

आजींनी टेबलाकडे पाहिले. "आणि वाट्यांतही मेण. म्हणजे चहा मी ओंजळीत प्यायचा."

कोणी हसले नाही. मला हसता आले असते तर मीही हसले नसते.

गुरुवारी संध्याकाळी आजी शेजारणीची कढई मागून आणायला निघाल्या. त्यांनी एक बूट चढवला, तेवढ्यात बुरुलने एक मेणबत्ती पेटवली. वातीभोवती मेण पातळ झाले. आधी जर्दाळूचा मोहोर आला, कोणी लांबून हाक मारावी इतकाच. आणि त्याच्या मागून तापलेले तेल आले, तळलेले पीठ आले. माझ्या अंगात इतकी वर्षे मुरलेले सगळे त्या मेणाने उचलून नेले होते.

"बोरसोक कोण तळतंय?" आजींनी विचारले.

"कोणी नाही."

आजी एका बुटावर लंगडत आत आल्या. वाटीवर इतक्या वाकल्या की भुवई जरा करपली.

"काठ जळलेला," त्या म्हणाल्या. "तो जळकेच मागायचा."

"आणि माझ्या ताटातलेही उचलायचा," बुरुल म्हणाली.

आजी खाली बसल्या. बुरुलने उठून दार उघडले.

आता दर गुरुवारी माझ्यात मेण वितळते. पण मित्रांनो, मला झोप नाही. मेण प्रत्येक वेळी माझ्यातला थोडा वास घेऊन जाते आणि परत आणून देत नाही. बाटलीही तळाला गेली आहे. दोन्ही संपल्यावर जिर्गलने कशाच्या मागावर यायचे, हे मला सांगता येत नाही. म्हणून एकच विनंती. घरातली जुनी भांडी जपा, आणि त्यातली काही फार घासू नका.

काल बुरुलने चुकून घासणी हातात घेतली, तर आजी केवढ्यांदा ओरडल्या!

"ठेव ती खाली! आत माणूस आहे."