वाकून बघणारी शेजारीण

पार्टिशनच्या कडेवरून ते पिकलेलं डोकं पुन्हा बाहेर आलं, तेव्हा ऑपरेटरबाई कपात चहा ओतत होत्या. डोक्याने आधी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग खोलीच्या आत, आणि अगदी शेवटी बाईंकडे. नजरानजर झाली तसं ते कासवासारखं आत गेलं. निम्मा चहा बशीत सांडला होता. समोर समुद्र, खाली समुद्र, बघायला एवढं सगळं पडलेलं असताना या बाईला दुसऱ्याच्या बाल्कनीत काय बघायचं होतं कोण जाणे.

हे तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी जहाज हलल्यामुळे तोल गेला असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. दुसऱ्या वेळी शेजारणीला 'डोकावबाई' असं नाव ठेवून झालं. आज मात्र डोक्यावरून पाणी गेलं. त्यांनी खोलीतला फोन उचलला आणि रिसेप्शनला रीतसर तक्रार केली. पलीकडच्या मुलीने नमस्कार न करताच खोलीचा नंबर विचारला, हेही बाईंनी मनात टिपून ठेवलं.

फोनच्या बाबतीत त्यांना कुणी काही शिकवू नये. चौतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. ट्रंक कॉल जोडायचा, 'बोला' म्हणायचं, आवाज दोन्हीकडे पोचला याची खात्री करायची आणि आपली लाइन काढून घ्यायची. ऐकायचं ते एवढंच, पोचलं की नाही. चुकून कानावर पडलंच, तर ते पोटात ठेवायचं. सख्ख्या नणंदेचं लग्न मोडल्याचा फोन त्यांनीच जोडून दिला होता, आणि संध्याकाळी घरी येऊन, चेहऱ्यावर काही न दाखवता, दहा माणसांचा स्वयंपाक केला होता. अशा बाईला शेजारधर्म शिकवायला ही डोकावबाई आली होती.

साडेसातला फिरायला गेलेले त्यांचे यजमान मोजणीसाहेब नऊ वाजता परत आले. त्यांचं हे नाव गावोगावच्या लोकांनी ठेवलेलं. उभा जन्म जमिनी मोजण्यात आणि नकाशे काढण्यात गेला होता. तक्रारीचं ऐकून ते बुटाची नाडी सोडता सोडता थांबले.

"कशाला केलीस? सहज बघितलं असेल."

"सहज? तीन-तीनदा?"

एरवी तिळाएवढ्या गोष्टीवर तासभर वाद घालणारा माणूस आज नाडीच सोडत बसला. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीने हट्टाने हा प्रवास घडवला होता, त्यात कटकट नको असेल, असं बाई धरून चालल्या.

दुपारी पांढऱ्या गणवेशातला सुपरवायझर येऊन गेला. शेजारच्या बाई एकट्याच आहेत, त्यांना समज दिली आहे, त्यांनी माफी मागितली आहे आणि पुन्हा असं होणार नाही, असं त्याने सांगितलं. कारण विचारलं तर त्या गप्प राहिल्या म्हणे. जाता जाता पार्टिशनवर थाप मारून त्याने माहिती पुरवली, की ते किल्लीने उघडतं, शेजारी-शेजारी नातेवाईक असले की लोक उघडून घेतात, पण दोन्हीकडची संमती लागते. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं न बोलता निघून गेला.

चार वाजता मोजणीसाहेब वरच्या डेकवर चहाला गेले. बाई विणकाम घेऊन बाल्कनीत बसल्या. पाच वाजायला आले तेव्हा पलीकडची काच सरकली आणि दोन खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. पार्टिशन जमिनीपासून वीतभर वर संपत होतं, त्याच्याखालून पलीकडचं सगळं ऐकू येई. सवयीप्रमाणे बाई उठून आत जायला निघाल्या. तेवढ्यात पलीकडे एक पुरुष खाकरला.

हजार लाइनींमधून त्यांनी ते खाकरणं ओळखलं असतं.

पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर जमीन चार दिवसांपूर्वीच सुटली होती. त्यांनी कठडा धरला. पहिला विचार मनात आला तो सांगण्यासारखा नव्हता. सत्तरीला टेकलेला नवरा, गोळी घेतल्याशिवाय झोप नाही, आणि हे? तक्रार ऐकून सकाळी तोंडाला कुलूप का लागलं होतं, तेही उघड झालं. लाइन काढून घ्यायची, एवढंच एक काम होतं, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते त्यांना जमेना.

"आजही इथेच आलो ना मी?" मोजणीसाहेब विचारत होते.

"इथेच आलात. बसा जरा, घाम फुटलाय तुम्हाला."

"कार्ड लावत होतो. सारखा लाल दिवा."

"दार माझं आहे साहेब. लाल दिवाच लागणार."

पलीकडची बाई हसली नाही. तिने पाणी ओतलं आणि न विचारताच सांगू लागली. हे चौथ्यांदा होतं. पहिल्या दिवशी तर साहेबांनी तिलाच, अगदी नम्रपणे, ही आमची खोली आहे, आपण चुकून आलात वाटतं, असं सांगितलं होतं. मोजणीसाहेबांना ते आठवत नव्हतं. ते फक्त 'असं?' म्हणाले, आणि तो 'असं?' बाईंनी आजवर कधी ऐकला नव्हता. त्यात चुकलेल्या मुलाचा आवाज होता.

"माझी एक अडचण झालीय," पलीकडची बाई म्हणाली. "तुम्ही सकाळी निघता. माझ्या दारावर आलात तर ठीक. नाही आलात, तर घरी पोचलात की कुठे भरकटलात, कसं कळायचं? म्हणून वाकून खुर्ची बघायचे. आता तेही बंद झालं."

"हिने तक्रार केली. मला बोलायला हवं होतं. मी गप्प बसलो."

"त्यांची काय चूक. त्यांच्या जागी मी असते तर मीही केली असती. पण आता सांगून टाका त्यांना."

पाण्याचा पेला टेबलावर टेकल्याचा आवाज आला.

"चाळीस वर्षं ती मला रस्ता विचारत आलीय," मोजणीसाहेब म्हणाले. "अजून गल्लीच्या तोंडाशी आली की माझ्याकडे बघते, डावीकडे की उजवीकडे. तिला काय सांगू?"

"मी बसवर कंडक्टर होते. उतरायचा स्टॉप विसरलेला माणूस मला लगेच कळायचा. तो कुणाला विचारत नाही. सगळं ठाऊक असल्यासारखा खिडकीबाहेर बघत बसतो." खुर्ची मागे सरकली. "चला, सोडते दारापर्यंत."

"नको. हिने दार उघडलं तर तुम्ही दिसाल. जातो मी."

ऑपरेटरबाई आत आल्या आणि पलंगावर बसल्या. हातातल्या विणकामाचे किती टाके सुटले होते याची गणतीच नव्हती. गेल्या वर्षभरातलं एकेक आता आठवायला लागलं. बाजारातून उशिरा येणं. गाडी विकून टाकणं, डोळ्यांचं निमित्त करून. लेकीच्या नव्या घरी जाताना 'तूच बोल रिक्षावाल्याशी' म्हणणं. आवाज सगळे कानावर आले होते, आणि सभ्यपणापायी त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले होते. स्वतःच्याच या सवयीचा त्यांना धक्का बसला.

दाराशी कार्ड खरखरलं. एकदा, दोनदा. बाई उठून उघडायला गेल्या नाहीत. तिसऱ्यांदा दार उघडलं.

"वर चहाला ही गर्दी," मोजणीसाहेब हसत म्हणाले. शर्टावर बिस्किटाचा चुरा होता.

अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा हे बाईंना पाठ होतं. त्यांनी तो ठेवलाही. पण पार्टिशनपलीकडे कुणीतरी कान देऊन उभं होतं, पोचलं की नाही याची वाट बघत, आणि जोडलेली लाइन अशी लोंबकळत ठेवणं त्यांना जन्मात जमलं नसतं. त्या बाल्कनीत गेल्या.

"पोचले हो," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आत आलेत."

पलीकडून "बरं" असा हलका आवाज आला.

मागे वळल्या तेव्हा मोजणीसाहेब कार्ड हातात धरून तसेच उभे होते.

"ऐकलंस?"

आयुष्यभर या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असे, 'नाही'.

"ऐकलं," बाई म्हणाल्या.

ते खुर्चीत बसले. मग खिशातून चौकोनी घडी काढून त्यांनी टेबलावर उलगडली. कागदी रुमालावर पेन्सिलीने काढलेला नकाशा होता. लिफ्ट, जिना, मार्गिका, एकेक दार, कोपऱ्यात उत्तरेचा बाण, खाली प्रमाणही लिहिलेलं. हात जरासुद्धा हललेला नव्हता. एका खोलीत बारीक रेघा भरून आत नंबर घातला होता.

"हे बघून येतो मी," ते म्हणाले. "तरी चुकतं. कुठे चुकतं तेच कळत नाही."

रस्ते बाईंच्या लक्षात राहत नसत, पण नंबर त्या विसरत नसत. रेघा भरलेली खोली त्यांची नव्हती. शेवटचा आकडा शेजारचा होता. चुकला त्या दर वेळी माणूस आपल्या नकाशाप्रमाणे बिनचूक चालत आला होता.

मोजणीसाहेबांनी पेन्सिल पुढे केली होती.

बाईंनी नकाशा नीट पाहिला. मग होती तशी घडी घालून त्यांच्या खिशात ठेवली आणि शर्टावरचा चुरा झटकला.

"नकाशा बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला.

रिसेप्शनवर सकाळचीच मुलगी होती. खोलीचा नंबर ऐकून तिने सावधपणे विचारलं, की पुन्हा शेजारच्यांचा त्रास होतोय का. बाई म्हणाल्या, त्रास नाही, बाल्कनीतलं पार्टिशन उघडायचंय, किल्ली घेऊन कुणाला तरी पाठवा. शेजारच्या प्रवाशांची संमती घ्यावी लागेल, असं मुलगी म्हणाली.

"थांबा. विचारते."

त्यांनी रिसीव्हर मोजणीसाहेबांच्या हातात दिला, बाल्कनीत गेल्या, कठड्याला घट्ट धरलं, आणि पार्टिशनच्या कडेवरून वाकून सरळ शेजारच्या बाल्कनीत डोकं घातलं.