वल्ह्या कधी दमतच नाही

मित्रांनो, या, बसा. पण मी उठून तुमच्या अंगावर उड्या मारीन अशी अपेक्षा धरू नका. मी एक म्हातारा, तपकिरी, रुंद छातीचा कुत्रा आहे. माझा एक डोळा धुरकट झाला आहे, मागचे पाय सकाळी माझं ऐकत नाहीत, आणि दारातून अंगणात जायचं म्हटलं तरी मला आधी थोडा विचार करावा लागतो. मी दमलो आहे. आज हे वाक्य मला किती सहज म्हणता येतं! तरुणपणी ते मला जमलं नाही आणि माझ्या वतीने कुणी म्हटलंही नाही. त्यापायी माझ्यावर काय ओढवलं, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म बसच्या डेपोत झाला. डेपोच्या मागे झिजलेल्या टायरांची रास होती. तिच्यातल्या एका टायरात माझी आई आम्हां पिल्लांना कुशीत घेऊन निजायची. डिझेलचा वास मला दुधाच्या वासाइतकाच जवळचा. एके दिवशी पाळी संपवून निघालेल्या एका ड्रायव्हरने मला उचललं, डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि घरी नेलं. दार उघडणाऱ्या बाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"डबा संपवलात ना?"

"संपवला. त्याच्या जागी हा आलाय."

"आणि हा काय खाणार?"

"डबाच," ड्रायव्हर म्हणाले, आणि त्या बाईंना हसू आवरेना.

त्या बाईंना घरात आई म्हणत आणि ड्रायव्हरना बाबा. त्यांच्या शाळकरी मुलीला ताई म्हणायचे, जरी तिच्या पाठीवर कुणी भावंड नव्हतं. मी आलो आणि ती खरोखरची ताई झाली.

बाबांचं काम मोठं कष्टाचं. उन्हाळ्यात बसचं इंजिन गुडघ्यांपाशी भट्टीसारखं तापायचं. दिवसभर गर्दी, धूर आणि लोकांची बोलणी. घरी आले की ते बूट काढून नुसते भिंतीकडे बघत बसायचे. सुट्टीच्या दिवशी मात्र त्यांना हुशारी यायची. शहराच्या टोकाला एक मोठं तळं होतं. तिथे आम्ही सगळे जायचो. पहिल्यांदा पाण्यात उतरलो तेव्हा माझी घाबरगुंडी उडाली होती. पण बाबांनी मला ढकललं नाही. ते स्वतः कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले, माझ्या पोटाखाली हात धरला आणि मला हवा तेवढा वेळ दिला. मी पुढचे पाय मारू लागलो, तशी ताई ओरडली, "बाबा, बघ ना, वल्ही मारतोय!" तेव्हापासून माझं नाव वल्ह्या पडलं.

मग चेंडू आला. बाबांनी चेंडू पाण्यात भिरकवायचा, मी तो आणून त्यांच्या पायाशी टाकायचा. चेंडू हवेत गेला की माझ्या अंगात वारं शिरायचं. तेव्हा मला ना भूक आठवायची, ना तहान. काठावरची माणसं थांबून बघायची. कुणी टाळ्या वाजवायचं. "काय दम आहे याच्यात!" असं कुणी म्हटलं की बाबांची मान ताठ व्हायची. बसमध्ये त्यांचं कौतुक कोण करणार? वेळेवर पोचले तर कुणी बोलत नसे, उशीर झाला तर सगळेच बोलत. इथे मात्र ते छाती फुगवून सांगायचे, "आमचा वल्ह्या कधी दमतच नाही!"

मित्रांनो, खरं सांगू? मी दमायचो. पण समोर आपलं माणूस हसत उभं असलं, त्याचा हात वर गेलेला असला, की आमच्या जातीला थांबता येत नाही.

तो दिवस फार तापलेला होता. तळ्यावर माणसांची झुंबड उडाली होती. नावा भाड्याने देणाऱ्या नाववाल्याच्या छपरीपाशी काही तरुण मुलंमुली बसली होती. त्यांनी माझा खेळ पाहिला आणि ती बाबांना म्हणाली, "काका, आम्ही टाकू का?" बाबांनी खुशाल चेंडू दिला. मग काय, एकाचा हात दुखला की दुसरा पुढे यायचा. हात बदलत होते, पाय मात्र माझेच होते. चेंडू पकडायला तोंड मोठं उघडावं लागे, आणि दर वेळी चेंडूबरोबर पाणीही पोटात जाई.

आई झाडाखाली बसली होती. तिने हाक मारली, "अहो, पुरे करा आता. त्याला जरा सावलीत आणा."

"अगं, त्याला विचार ना, दमलाय का ते!" बाबा हसून म्हणाले.

मला विचारायचं म्हणजे काय? मी शेपूट हलवली. आनंदात आम्ही शेपूट हलवतो, तशीच गोंधळल्यावरही हलवतो. पण माणसं तिचा एकच अर्थ लावतात.

थोड्या वेळाने चेंडू मला एकाऐवजी दोन दिसू लागले. पोट ढोलासारखं टणक झालं होतं. काठावर आलो तर जमीन हलत होती. माझे पाय इकडेतिकडे पडू लागले आणि ती मुलं खो-खो हसली. "अरे, हा तर झिंगला!" बाबाही हसले. मग मला उलटी झाली, नुसतं पाणी पडलं. ताई धावत आली. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"बाबा, हा माझ्याकडे बघतोय, पण त्याला मी दिसत नाहीये."

बाबांचं हसू तिथेच थिजलं. त्यानंतरचं मला तुटक तुटक आठवतं. बाबांनी मला उचलल्याचं आठवतं. नाववाल्याने आपल्या गाडीची किल्ली फेकली, तेही आठवतं. आणि आठवतो तो हॉर्न. बाबा बस चालवताना हॉर्न वाजवायला कंटाळायचे. कशाला लोकांचे कान किटवायचे, म्हणायचे. त्या दिवशी दवाखाना येईपर्यंत त्यांनी हॉर्नवरचा हात काढला नाही. मागे आईच्या मांडीवर माझं डोकं होतं आणि माझे पाय आपोआप झटके देत होते. मी पाण्यात नव्हतो, तरी वल्ही मारत होतो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई उंच आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी माझ्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, हिरड्या दाबल्या आणि विचारलं, "पाण्यात किती वेळ होता?"

"कुणी मोजलाच नाही," आई म्हणाली.

"पाणी फार प्यायलाय," त्या म्हणाल्या. "चेंडू धरताना दर वेळी घोटभर आत जातं. त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. आत्ता काहीच सांगता येणार नाही. तुम्ही बाहेर बसा."

"पण तो दमत नव्हता हो," बाबा म्हणाले.

"दमला होता," डॉक्टरीणबाई सलाइनची नळी लावता लावता म्हणाल्या. "थांबत नव्हता, एवढंच."

मी वाचलो. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा माझ्या पायांत उभं राहण्यापुरतंही बळ नव्हतं. आईने मला चमच्याने भरवलं, ताईने आपलं अंथरूण माझ्याशेजारी टाकलं. बाबा मात्र लांबून बघायचे आणि निघून जायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मी पूर्वीसारखा ठणठणीत झालो, पण तळ्यावर कुणी गेलं नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही नाही. सुट्टीच्या दिवशी बाबा खुर्चीत बसून वर्तमानपत्राचं एकच पान डोळ्यांसमोर धरून राहायचे. मी त्यांच्या पायाशी जाऊन बसलो की ते पाय आखडून घ्यायचे. मला वाटायचं, माझं काय चुकलं? मी तर प्रत्येक चेंडू आणून दिला होता. मित्रांनो, पोहून येतो तो थकवा झोपेने जातो. आपलं माणूस आपल्याकडे बघत नाही, त्याचा थकवा कशानेच जात नाही. मी जाडजूड झालो. बाबाही झाले.

शेवटी एके दिवशी आईने त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं.

"तुम्ही दोघं असे बसलेले असता ना, की घरात दोन कपाटं जास्तीची आणल्यासारखं वाटतं. उठा. तळ्यावर जायचंय."

"नको गं. माझ्या हातून पुन्हा काही…"

"तुमच्या हातून नाही होणार. आता माझं ऐकायचं. मी थांब म्हटलं की थांबायचं. त्यानेही आणि तुम्हीही."

बाबा मग डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि शाळकरी पोरासारखे सगळं विचारून आले. माझ्यासाठी केशरी रंगाचं, पाठीवर मूठ असलेलं पोहण्याचं जॅकेट आलं. ते चढवल्यावर मला वाटलं, आता मला कुठे तरी नोकरीला पाठवणार! चेंडूच्या जागी एक चपटी, मऊ चकती आली. ती दातांनी नुसती टोकाला धरली तरी पुरे, जबडा फाकवायला नको. तळ्यावर पोचल्यावर बाबा आधी खाली वाकून हाताची पालथी बाजू दगडावर टेकवायचे. त्यांच्या हाताला चटका बसला, तर मला उचलून न्यायचे. पाण्यावर विषारी शेवाळाची हिरवी साय धरलेली दिसली, तर तसेच मागे फिरायचे. मी कितीही ओढ घेतली तरी. थोडं पोहणं झालं की सावली आणि घरून आणलेलं पिण्याचं पाणी. परतल्यावर ताई माझं अंग साध्या पाण्याने धुऊन कान पुसायची. एकदा वारा सुटला आणि मी काठापासून दूर ओढला गेलो, तेव्हा नाववाल्याने त्याच मुठीला धरून मला अलगद नावेत घेतलं. त्यानंतर मी त्या जॅकेटला कधी नाकं मुरडली नाहीत.

काठावरची माणसं आता टाळ्या वाजवत नसत. दोन-चार फेऱ्या मारून झाडाखाली जाऊन पडणाऱ्या कुत्र्याचं काय कौतुक करणार? पण बाबा माझ्याशेजारी पाय पसरून पडायचे. कधी त्यांचा हात माझ्या ओल्या पाठीवर असायचा. तेवढं मला पुष्कळ होतं.

आता बाबा निवृत्त झाले आहेत. तळ्यापर्यंत आम्हां दोघांचेही पाय पोचत नाहीत. ताईचं लग्न होऊन तिला एक मुलगी झाली आहे, तिला सगळे पिटुकली म्हणतात. काल दुपारी अंगणातल्या सावलीत पिटुकलीने घंगाळात पाणी भरलं आणि मगाने माझ्या पाठीवर ओतू लागली. गार वाटलं. पण पाणी ओतून घेण्यासाठी उभं राहायलाही माझ्या पायांना आताशा कष्ट पडतात. मी शेपूट हलवत राहिलो. तिने आणखी एक मग भरला, वर उचलला आणि थांबली. खाली बसून तिने आपलं तोंड माझ्या तोंडासमोर आणलं. माझा धुरकट डोळा पाहिला, कापणारे पाय पाहिले.

"दमलास का रे?" तिने विचारलं.

बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

पिटुकलीने मगातलं पाणी झाडाला घातलं. मी खाली बसलो. तीही माझ्याशेजारी फरशीवर आडवी झाली आणि लगेच झोपी गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाईबंद असेल, तर त्याला या उन्हाळ्यात पाण्यावर जरूर न्या. पाणी आम्हांला फार आवडतं. फक्त मधूनमधून खाली बसा आणि त्याच्या तोंडाकडे नीट बघून हाच प्रश्न विचारा. उत्तर मात्र त्याच्या शेपटीत शोधू नका. त्याच्या पायांकडे बघा, डोळ्यांकडे बघा, आणि शंका आली तर त्याला सावलीत घेऊन या. आता मला जरा पडू द्या.