साडेतीनचा काटा

तीस वर्षं देवासात गॅरेज चालवतोय मी, आणि माझ्या हातचं काम कधी परत आलेलं नाही. ए.बी. रोडवर कुणालाही विचारा. गणपत मिस्त्री म्हटलं की सांगतील, माणूस तोंडाचा तिखट आहे पण हाताचा खरा. आणि त्याच गणपत मिस्त्रीला धारला, पोरीच्या सासरी, डुप्लिकेट पंप टाकणारा म्हणतात! माझ्याच व्याह्यांच्या घरात!

रविवारी उर्वशीचा फोन आला. "बाबा, गाडी परत बंद पडली. घाटाबिल्लोदजवळ. आईसाहेब अर्धा तास उन्हात उभ्या होत्या."

एवढंच बोलली. पुढचं मला न सांगता कळलं. आईसाहेब म्हणजे माझ्या विहीणबाई, जानकीबाई. जुन्या दरबारी घराण्यातल्या. वैशाखाच्या उन्हात अर्धा तास उभ्या राहिल्यावर त्या काय काय बोलल्या असतील, आणि ते सगळं कुणी खाली मान घालून ऐकलं असेल, हे काय सांगावं लागतं? रात्रभर मी कूस बदलत राहिलो.

गाडी मीच पसंत करून दिली होती, गेल्या दसऱ्याच्या आधी. जावई विक्रमसिंह बँकेत आहे. भला माणूस, पण बॉनेट कुठून उघडतं तेही त्याला ठाऊक नाही. इंदूरला दहा सेकंडहँड गाड्या तपासून मी ही एक पास केली. चार महिने लोण्यासारखी चालली. मग झटके द्यायला लागली. होळीला मी धारला गेलो तेव्हा अंगणातच टाकीतला पेट्रोलचा पंप बदलला. नवा, पेटीबंद, बिलासकट. तरी महिन्याभरात तेच रडगाणं. वीसेक किलोमीटर झकास पळायची, चढ आला की दम तोडायची, मग बंद. पंधरा मिनिटं उभी केली की परत चालू, जसं काही झालंच नाही. तेव्हापासून जानकीबाईंचं एकच पालुपद होतं. "आमच्या पागेत बारा घोडी होती, एकही कधी रस्त्यात बसलं नाही. मिस्त्र्याने पोरगीही दिली आणि भंगारही दिलं."

हे त्या मला नाही बोलत. माझ्या पोरीला बोलतात, तीन वेळच्या जेवणाबरोबर.

सोमवारी सकाळी दाब मोजायचा प्रेशर गेज पिशवीत घातला आणि बस पकडली. इंदूरला बस बदलली. धारच्या बसमध्ये एका जागी बसवेना. पिशवी मांडीवर घे, खाली ठेव, उठून पुढे बघ. शेवटी कंडक्टर वैतागला. "काका, बैठ जाओ ना यार, आप खड़े रहोगे तो बस जल्दी पहुँचेगी क्या?"

"तेरी बस से तो पैदल जल्दी पहुँच जाऊँ भिया," मी म्हणालो. लोक हसले. मला हसू येत नव्हतं. आज दोष सापडला नाही, तर ती गाडी रोज त्या घरात माझ्या पोरीची इज्जत काढणार होती.

विक्रमसिंह बँकेत गेला होता. जानकीबाई देवघरात होत्या. दारातूनच मला बघून "या गणपतराव" म्हणाल्या आणि पुन्हा माळ ओढायला लागल्या. उर्वशीने पाणी आणलं. मी पाणी अर्धं पिऊन बॉनेट उघडलं.

खरं सांगतो, होळीला माझी चूक झाली होती. मी काही मोजलं नव्हतं. कानाने ऐकलं, पंप कण्हतोय असं वाटलं, बदलून टाकला. तीस वर्षांची घमेंड, दुसरं काय! या वेळी ठरवलं होतं, काटा सांगेल तेच खरं.

पेट्रोलच्या नळीत गेज जोडला. चावी फिरवली. काटा सरळ साडेतीनवर. या गाडीला साडेतीन बार दाब लागतो, म्हणजे बरोबर. चावी बंद केली. दहा मिनिटं काटा हलला नाही, म्हणजे कुठे गळती नाही. पंपाच्या वायरीवर मीटर लावला, करंटही पूर्ण येत होता. उभ्या गाडीत सगळं ठीक! आजारी माणूस डॉक्टरसमोर बसला की कसा टुणटुणीत होतो, तशातली गत.

"चल, तू चालव," मी उर्वशीला म्हणालो. "मांडूच्या रस्त्याला घे."

गेजची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि काटा समोरच्या काचेवर चिकटपट्टीने असा लावला की आतून दिसेल. पोरगी माझ्याच गॅरेजात गाडी शिकली आहे, हात छान आहे तिचा. पण त्या दिवशी स्टेअरिंग अगदी आवळून धरलं होतं. मी विचारलं, "घरी सगळं ठीक?" ती म्हणाली, "काट्याकडे बघा ना तुम्ही."

नालछ्याच्या पुढे चढ लागला आणि काटा उतरायला लागला. तीन. अडीच. गाडीला हिसका बसला. दीड. "अगं, दाब उतरतोय, दाब!" मी ओरडलो, जसं काही ती मुद्दाम करत होती. गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन बंद. पंधरा मिनिटं आम्ही बाभळीखाली उभे राहिलो. मी येरझाऱ्या घालत होतो, ती दगडावर बसून होती. मग चावी फिरवली तर काटा परत साडेतीनवर!

आता मला अंदाज आला. पंपाच्या तोंडाला जाळी असते. तिच्यावर घाण बसली की जोराने ओढताना ती घाण घट्ट चिकटते, ओढणं थांबलं की सुटून खाली पडते. पंप तापला तरी असंच होतं म्हणा. बाहेर काढून बघितल्याशिवाय खात्री नाही.

कशीबशी घरी आणली. मागची सीट काढली, झाकण उघडलं, पंप वर घेतला. जाळीवर बोटभर पांढरट, चिकट साय. नाकाशी नेली तर पेट्रोलच्या वासात आंबूस वास. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. खाली पाणी, वर पेट्रोल, मध्ये दह्यासारखा थर.

"हरामखोर साले! पेट्रोलमध्ये काय कालवतात हे?" मी ओरडलो. आणि मग त्या सायीत मला एक काळं पडलेलं पान दिसलं. बोटाने पसरलं. तुळशीचं पान.

मी वर बघितलं. उर्वशी दरवाज्याला टेकून उभी होती, चेहरा उतरलेला.

"हळू बोला बाबा," ती म्हणाली. "आईसाहेब जपाला बसल्यात."

"हे काय आहे?"

"तीर्थ. पंचामृताचं." ती माझ्याजवळ येऊन खाली बसली. "यांच्याकडे रीत आहे. खंडेनवमीला आणि मग दर पौर्णिमेला घोड्याच्या तोंडात पळीभर तीर्थ घालायचं, म्हणजे वर बसलेला माणूस सुखरूप परत येतो. घोडी गेली, स्कूटर आली, तरी रीत सुटली नाही. गाडी घेतली तेव्हा आईसाहेबांनी विचारलं, हिचं तोंड कुठे? मी दाखवलं."

"तू दाखवलंस?"

"आणि मीच घालत होते. सुनेचं काम असतं ते."

माझं डोकंच फिरलं. "मिस्त्र्याची पोर ना तू? गाडीच्या पोटात दूध, दही, मध घालतेस? अगं, अक्कल काय देवासला ठेवून आलीस?"

"पहिल्याच वेळी म्हटलं होतं मी, गाडी बिघडेल. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. मग यांनी मला सांगितलं. सासरे गेले ना, त्या पौर्णिमेला घाईत स्कूटरला तीर्थ द्यायचं राहिलं होतं. लेबडच्या फाट्यावर ट्रकने उडवलं. एकवीस वर्षं झाली, त्या अजून स्वतःलाच दोष देतात. आता त्यांना मी सांगू, तीर्थानेच गाडी बंद पडते म्हणून?"

मग आठवलं, ती काय काय ऐकते ते, मला काय काय म्हणतात ते. "पण मला तरी सांगायचं होतंस! मी नवी जाळी टाकून टाकी धुतली असती, काम खलास."

"तुम्हाला?" ती हसली, पण डोळे भरले होते. "तुम्ही मिळेल त्या बसने इथे येऊन अंगणात उभं राहून ओरडला असता. सगळ्या धारला कळलं असतं."

खोटं नव्हतं ते.

"होळीला तुम्ही पंप बदलला तेव्हापासून मी पळी टाकीच्या बाहेर उपडी करते," ती म्हणाली. "त्या मागे उभ्या असतात, त्यांना दिसत नाही. मला वाटलं, आता चालेल. पण जुनी घाण तळाशी तशीच राहिली."

ती राहिली माझ्यामुळे. होळीला टाकीत बॅटरी मारून बघितलंच नव्हतं मी, जेवायला हाका येत होत्या. पण तेव्हा ते मनात आलं नाही. मनात फक्त एकच आलं आणि तेच तोंडातून निघालं. "म्हणजे दोन महिने मला इथे चोर म्हणत होते, आणि तुला खरं माहीत होतं."

तिने मान खाली घातली. "तुम्ही देवासला राहता, बाबा. मला इथे राहायचंय."

इतकं लागलं मला ते, काय सांगू. जाळी काढून फेकली, बाजारातून नवी आणून बसवली, टाकी तीनदा धुतली, फडक्याने तळ पुसला. मग एकट्यानेच गाडी काढली आणि नालछ्यापर्यंत हाणली. चढावर काटा साडेतीनवरून केसभरही ढळला नाही.

परत आलो तर विक्रमसिंह आला होता. जानकीबाई ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. उर्वशी चहाचे कप मांडत होती.

"काय निघालं मग, गणपतराव?" जानकीबाईंनी विचारलं.

बाटली माझ्या पिशवीत होती. ती नुसती त्यांच्या समोर ठेवली असती तरी पुरे होतं.

"पंपच खराब निघाला, आईसाहेब," मी म्हणालो. "माझीच चूक. मी घाईत बसवला होता. आता नाही बंद पडणार."

"मी म्हणतच होते," त्या विक्रमसिंहाकडे वळून म्हणाल्या. "स्वस्तातला माल घातला की असंच होतं. पोरीच्या घरी तरी चांगला घालायचा होता!"

आजवर याच्यापेक्षा कमी बोलण्यावरून मी गिऱ्हाइकाच्या अंगावर पाना फेकलाय. "हो, आईसाहेब," मी म्हणालो आणि कप हातात घेतला. उर्वशीने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी नक्की बोललो असतो.