नालीतला जोड

दिग्रसच्या त्या गल्लीत पुढचं घर वाहिदभाईंचं, मागचं त्यांच्या धाकट्या भावाचं, तारिकचं. तारिकच्या घरचा नळाचा पाइप भाईंच्या दारावरून येई. वर्षभरापासून नळ आला की पहिली बादली काळपट निघायची, नालीचा वास यायचा. तारिकच्या बायकोनं, अकीलानं, जेठाला, वाहिदभाईंना, कितीदा सांगितलं.

"वरूनच तसं येते," ते म्हणत. "उकळून पी."

अकीला उकळत होती. पण तिची लेक गझाला शाळेतून आली की थेट नळाला तोंड लावायची. पोरगी काविळीनं पिवळी पडली, यवतमाळला दवाखान्यात भरती करावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" अकीलाला मान वर करवेना.

पोरीजवळ आपल्या आईला बसवून ती तारिकसोबत कपडे न्यायला घरी आली. नळ सुरू होता. तोच वास. ती तशीच बाहेर गेली आणि तिनं लोखंडी सब्बल घालून नालीवरची फरशी उचलली.

काळ्या घाणीत त्यांचाच पाइप लोळत होता. मधल्या जोडाला चिकटवायचं सोल्युशन नव्हतं, सायकलची ट्यूब गुंडाळली होती. तिथून बुडबुडे निघत होते. नळ गेला की हाच सैल जोड नालीचं पाणी आत ओढत असणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"भाईजान!" तिच्या आवाजानं दारं उघडली. "आमचा पाइप नालीत कोणं टाकला?"

वाहिदभाईंनी आधी पाइपाकडं, मग आपल्या दारापुढच्या नव्या ओट्याकडं पाहिलं. "ओटा बांधताना आडवा येत होता. ओट्याखालून नेला असता आन् कधी लीक झाला, तर ग्रॅनाइट फोडा लागलं असतं."

"म्हणून नालीत?"

"आवाज खाली कर. लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या!"

तिनं सब्बल ओट्यावर घातली. पहिल्या घावात ग्रॅनाइट तडकलं. तारिक धावला. "अकीला, मोठे भाऊ हायेत ते!"

"आन् गझाला कोण हाय तुमची?"

तारिकचा हात मागे आला.

तेवढ्यात वाहिदभाईंची बायको रुबीना दारात आली. "फोड," ती हळूच म्हणाली. "मी तवाच म्हनलं होतं यांना, नालीत नका टाकू."

अकीला थांबली. जेठापेक्षा तिला आता हिचीच चीड आली. "तुमाले मालूम होतं? गझाला तुमच्या पुढ्यात नळाले तोंड लावे, भाभी. तवा काहून नाही बोलल्या?"

रुबीनानं पदर तोंडाला लावला. वाहिदभाई आत निघून गेले.

तारिकनं सब्बल घेतली. अकीलाला वाटलं, आता हा ती ठेवून देईल. पण त्यानं ओट्याची भिंतीलगतची कड उखडायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत नवा पाइप भिंतीला क्लिपा मारून, उघडा, सगळ्यांना दिसेल असा घरापर्यंत आला. जुना पाइप अकीलानं काढून गल्लीत टाकला.

गझाला बरी होऊन आली. वाहिदभाई फळं घेऊन आले तेव्हा अकीलानं दार उघडलं, खुर्ची दिली. पाणी मात्र विचारलं नाही. ते जरा वेळ बसले, उठून गेले. तिचा राग गेला नव्हता, आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं.