दोन मुठींची सुरी

धाकट्याने लाकूड तासायची दोन मुठींची सुरी उचलली, धारेवर अंगठा आडवा फिरवला आणि ती परत बाकावर ठेवली.

"का रे? आवडली नाही?" खिडकीपाशी बसलेल्या थोरल्याने विचारलं.

"बघतोय."

"बघ की. पहिली निवड तुझी म्हटलंय ना."

तिथेच कुठेतरी पाणी मुरत होतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. धनुष्यं घडवायची त्यांची ही हत्यारं तेव्हापासून थोरल्याने कुणाला शिवू दिली नव्हती. धाकट्याने वेगळं दुकान थाटलं तेव्हा साधी कानस मागितली, तर "बाजारात मिळते" एवढंच उत्तर आलं होतं. आणि आज अचानक निरोप, हवं ते घेऊन जा.

त्याला हवी होती ती सुरीच. तिच्यासारखं पातं आता कुणी घडवत नव्हतं. म्हणूनच त्याने आधी कानस, पटाशी आणि रंधा पिशवीत टाकला आणि थोरल्याचा चेहरा न्याहाळला. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

वहिनी चहा घेऊन आली. नवऱ्याच्या हातात तिने कप धरवला.

"भाऊजी, हत्यारं निवडताय की मुलगी बघायला आलाय?"

"दोन्हीकडे फसवणूक होते, वहिनी."

थोरला हसला. वहिनी हसली नाही.

शिकंज्यात एक अर्धवट धनुष्य अडकवलेलं होतं. धाकटा त्याच्यावर वाकला. धनुष्याच्या पाठीवर लाकडाचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवावं लागतं. ते तुटलं की दोरी ओढताना धनुष्य तिथेच मोडतं. इथे ते तीन ठिकाणी तुटलं होतं. शिकाऊ माणसाची चूक. थोरल्याच्या हातून ती झालेली त्याने कधी पाहिली नव्हती.

म्हणजे सुरीच बिघडली आहे, आणि ती आपल्या गळ्यात मारतोय.

त्याने सुरी उचलली आणि धनुष्याच्या कडेवरून एकदा ओढली. कागदासारखी पातळ साल सरळ निघून आली. पुन्हा ओढली. पुन्हा तशीच.

त्याने मान वर केली. थोरला त्याच्याकडेच बघत होता; खरं तर त्याच्या खांद्याच्या वीतभर बाजूला.

"कशी आहे?"

"धार चांगली आहे."

"आणि पाठ?"

धाकट्याने तुटलेल्या वलयाकडे पाहिलं. "अखंड आहे."

"खोटं बोलू नकोस. बोटाला तीन ठिकाणी लागतंय."

दारात वहिनी रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होती.

"घेऊन जा ती," थोरला म्हणाला. "इथे राहिली तर मी रोज उचलेन."

धाकट्याने सुरी फडक्यात गुंडाळली. मग पिशवीतली हत्यारं एकेक करून बाहेर काढली.

"काय करतोयस?"

"एवढी एकच पुरे मला."

कानस त्याने बाकाच्या डाव्या कडेला ठेवली, तिच्या शेजारी पटाशी, पलीकडे रंधा, मुठी थोरल्याच्या बाजूला करून. मग काहीतरी आठवल्यासारखं करून कानस पुन्हा उचलली आणि थोरल्याच्या हाताला न शोधता लागेल अशी, बोटभर अलीकडे, नीट सरकवली.