सात महिन्यांचे फोटो

मित्रांनो, माझ्या काचेला आडवा तडा गेला आहे आणि माझी बॅटरी आता दुपारपर्यंतही पुरत नाही. मी शिरवण्याच्या वामन वेल्डरचा जुना मोबाइल. मला कुणी घडवले ते ठाऊक नाही. जाग आली ती नेरूळच्या एका दुकानात. वामन आणि त्याचा मेहुणा मिथुन आखातात, जहाजांच्या कारखान्यात कामाला निघाले होते. वामनची बायको सगुणा हिने त्या आठवड्यात मला विकत घेतले.

"रोज एक फोटू धारायचा," ती नवऱ्याला म्हणाली. "कामावं उभा रावून. मंग मना बरा वाटंल."

वामनने शब्द पाळला. रोज सकाळी हजेरीच्या फलकापाशी उभा राहून तो फोटो काढी आणि तिला धाडी. मागे तारीख, त्याचा नंबर, मुकादमाची सही. एकदा परांचीवरून पडून माझी काच तडकली, पण कॅमेरा शाबूत राहिला. "एवढ्या उंचावरून पडून पण चालतो!" असे सगळे कौतुकाने म्हणत.

मग पगार थांबला. मुकादम आवाजी निरोप पाठवी, "पुढच्या महिन्यात नक्की." असे सात महिने गेले. शेवटी कंपनीने वामनला सुट्टी म्हणून घरी पाठवले आणि परत बोलावलेच नाही. मिथुन तिथेच राहिला. त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता.

खांदेश्वरला गीतांजली नावाच्या वकीलबाई होत्या. त्यांनी माझ्यातले सगळे फोटो पाहिले, निरोप ऐकले. "हाच तुमचा पुरावा," त्या म्हणाल्या. तिथल्या वकिलाला मुखत्यारपत्र दिले की तिथल्या कामगार न्यायालयात दावा लावता येणार होता. त्यांनी आधी कंपनीला नोटीस धाडली.

तिसऱ्या दिवशी वामनला तिकडे पाठवणारा एजंट सुधीर घरी आला. त्याने चहाला हात लावला नाही. 'सगळा पगार मिळाला, तक्रार नाही' असे लिहिलेला कागद त्याने पुढे सरकवला.

"टेन्शन कशाला घेतोस, वामन? सही कर. ते फोटो-बिटो डिलीट मार." तो हसतच होता. "मिथुन तिकडे एकटा आहे. उद्या त्याच्यावर चोरीची केस पडली, तर मला बोलू नकोस."

विचार करायला दोन दिवस देऊन तो गेला. वामनने मला हातात घेतले. पुसण्यासाठी तो एकेक फोटो निवडू लागला. माझ्या हाती काहीच नव्हते. इतक्यात सगुणाने मला ओढून घेतले.

"सही करून बी त्यांनी माज्या भावाला नाय सोरला तर?"

वामनने सही न करता गीतांजलीबाईंना फोन लावला.

गीतांजलीबाईंनी सांगितले, आधी मिथुनने आपल्या दूतावासात पोहोचायचे, पासपोर्ट नसला तरी. दुसऱ्या दिवशी मिथुनने दाढदुखीचे निमित्त केले. कंपनीच्या गाडीतून तो दवाखान्यात उतरला. 'निघतो' एवढाच निरोप आला आणि त्याचा फोन बंद झाला.

तासाभरात मी वाजलो. सुधीर होता. आता तो हसत नव्हता.

"मिथुन कुठंय?"

सगुणाने फोन कापला. त्याचा फोन पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. मग वाजायचाच थांबला, आणि ते जास्त भयानक होते. सगुणा मला छातीशी धरून ओट्याला टेकून बसली. तिच्या काळजाचे ठोके मला ऐकू येत होते. चार तासांनी एक अनोळखी नंबर उमटला.

"ताई, पोचलो. आतमदे हाय."

मित्रांनो, पुढचे सगळे संथपणे झाले. महिन्याभराने मिथुन तात्पुरत्या प्रवासपत्रावर घरी आला. वामनच्या दाव्याला चौदा महिने लागले; न्यायालयाने सातांपैकी पाच महिन्यांचा पगार मिळवून दिला. उरलेल्या दोन महिन्यांचे फोटो न्यायालयाने धरले नाहीत, माझ्या तडकलेल्या काचेमुळे नव्हे, तर मुकादमाने तेव्हा सही करणेच सोडले होते म्हणून. मिथुनचा दावा अजून चालू आहे. मी वाजलो की तो आजही उठून आधी दाराची कडी लावतो, मग विचारतो, "कोन हाय?"

तुमच्या घरचे कुणी लांब कामाला गेले असेल, तर त्यांनी पाठवलेला एकही फोटो, एकही निरोप पुसू नका. आणि आमच्यासारख्या जुन्यांना भंगारात देण्याआधी एकदा चार्जिंगला लावून पाहा. कुणाचे तरी खरे राबणे आमच्याजवळ ठेवलेले असते, आणि ते पुसायला टपलेली माणसे फार गोड बोलतात.