गाण्यावर वाढलेली मेथी

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी, श्रावणाच्या तोंडाशी, मानोऱ्याजवळच्या तांड्यात सोजरबाईची बोटं अशी सुजली की सुई धरवेना. आणि धरायची होती ती नेमकी सुईच. एकुलत्या एका लेकीचं, सोनीबाईचं, दिवाळीनंतर लग्न. नवरीचा आरशाकवड्यांचा घागरा आईनंच शिवावा, ही सोजरबाईची जन्माची हौस. अर्धा झालेला घागरा खुंटीवर लोंबत होता. त्याच्याकडे बघून बाई रडायची, आणि का रडू नये?

आरसे-कवड्या विकायला मानोऱ्याहून येणाऱ्या रहमतबीनं तिचे हात दाबून पाहिले. "मेथी पेर," ती म्हणाली. "दोन पानं फुटली का कच्चीच चावून खाय. माह्या सासूचे गुडघे यानंच हलके झाले."

तेव्हापासून सोनीबाई कामाला लागली. मेथी वर आल्यावर ती रोज पहाटे चिमूटभर कोवळे कोंभ ओढणीच्या टोकात आणायची आणि आईच्या तोंडात घालायची. कुठून आणते, हे सोजरबाईनं विचारलं नाही. दुखण्यातलं माणूस अर्धं झोपेतच असतं. बाहेर झिमझिम लागलेली, तांड्याचा प्रमुख, त्या नायकाच्या अंगणात पोरी तिजेच्या टोपल्यांना पाणी घालत गात असायच्या. तोंडात कडसर ओलावा, कानात ते गाणं. तिला वाटायचं, आपले हात मातीत पुरलेत, पोरी आपल्यावरच पाणी ओतताहेत आणि नखांखालून काहीतरी हिरवं वर येतंय. जागी व्हायची तेव्हा बोटं थोडी हलकी वाटायची. मेथीनं की विसाव्यानं, ते आपण कशाला सांगावं? सूज मात्र उतरत होती. एके दुपारी तिनं सुईत दोरा ओवला.

तीज हा लग्नाआधीच्या पोरींचा सण. आपापल्या टोपलीत गहू पेरायचा, गात गात पाणी घालायचं, शेवटी कोंभ खुडून नायकाच्या पागोट्यात खोवायचे, उरलेले पाण्यात सोडायचे. जिची टोपली दाट, तिचं सासर भरलेलं, असं अख्खा तांडा मानतो. सोनीबाईची ही शेवटची तीज. ती बघायला सोजरबाई तिजा खुडायच्या दिवशी पहिल्यांदाच घराबाहेर पडली.

सगळ्यांच्या टोपल्यांत वीतभर पिवळा-पोपटी गहू डुलत होता. सोनीबाईच्या टोपलीत नुसती काळी माती, कडेला मेथीची दोनचार रोपं. रामीबाई म्हातारी तोंड वाजवत होती, की गहू सोडून भाजी पेरणारी ही कसली नवरी. सोजरबाई टोपलीपाशी वाकली. तांड्यात दुसरी माती नव्हती का, असं तिनं लेकीला विचारलं.

"होती," सोनीबाई खाली बघत म्हणाली. "पन गाण्यावर वाढलेली मेथी जास्त लागू पडंल, असं वाटलं मले."

उरलेली रोपं तिनं खुडली आणि नायकाकडे न जाता आईच्या तोंडाशी धरली. नायक सेवालाल पागोटं वाकवून उभा होता, तो तसाच राहिला.

सोजरबाईनं ओठ घट्ट मिटले. लेकीच्या तळहातावरून एकेक रोप तिनं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत अलगद उचललं आणि तिच्या वेणीत खोवलं.

"हे तुह्यं हाये," ती म्हणाली. "बाकीचं समदं म्या खाल्लं." आणि रिकामी टोपली छातीशी धरून ती सगळ्यांदेखत रडली.